क्रॉस स्लाईडचा नट बदलायच्या आधी

भावा, लेथच्या क्रॉस स्लाईडचं (टूल आडवं पुढे-मागे नेणारा भाग) हँडल पाव फेरा रिकामं फिरतंय, म्हणजे स्लाईड हलतच नाही, म्हणून लगेच सगळं बदलायला काढू नकोस. आधी हँडलमागचा चेकनट (पकडून ठेवणारा नट) टाईट कर, बऱ्याचदा निम्मा प्ले, म्हणजे ढिलेपणा, तिथेच सापडतो. मग स्लाईड मधे आणि पार टोकाला नेऊन हँडलच्या डायलवर किती रेघा रिकाम्या जातात ते बघ, टोकाला कमी आणि मधे जास्त असतील तर हँडलने फिरणारा, नटातून जाणारा स्क्रूच झिजलाय, कारण रोजचं काम त्याच दोन-तीन इंचात होतं, अशा स्क्रूवर मधल्या झिजलेल्या भागाला घट्ट बसेल असा नवा गनमेटलचा (तांब्याचा मिश्रधातू) नट टाकलास तर टोकाला अडकणार आणि पैसे पाण्यात. सगळीकडे सारखा प्ले असेल तर नुसता नट पुरे. टर्नरकडे जाताना जुना नट, स्क्रू दोन्ही घेऊन जा, आटे बहुतेक डावे असतात, जुन्या मशिनला पिच (दोन आट्यांमधलं अंतर) इंचातला पण निघतो, तोंडी सांगून भागत नाही. गिब (स्लाईड बाजूने हलू नये म्हणून असलेली पट्टी) शेवटी सेट कर. चकजवळ (जॉब पकडतो तिथे) लेथचा बेड झिजलाय ते एवढ्यात बघूच नको, तो खर्च वेगळाच आहे!