लीडची ऑफर आणि सोळाची सळई

वयाने बरीच मोठी असेन, म्हणून अगंतुगं करते, चालवून घे. तुझा प्रश्न मला कळला तो असा: ऐरोलीतल्या कंपनीत सहा वर्षं झाली, आता टीम लीड करताहेत, आणि तुला वाटतंय की आजवर सगळं नशिबाने निभावलं, लीड झाल्यावर पितळ उघडं पडणार. तर नाही म्हणू का, आणि मॅनेजरना मेल काय लिहू?

नाही म्हणू नकोस. का, ते सांगायला जरा लांबण लावावी लागेल.

मी इमारतींची स्ट्रक्चरल डिझाइनं करते. 2003 मध्ये नोकरीला लागले तेव्हा लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहत होते. पहिल्याच आठवड्यात साइटवर सळया बांधणाऱ्या फिटरने विचारलं, "मॅडम, बीमच्या सोळाच्या सळईला लॅप किती सोडू?" म्हणजे सोळा मिलीमीटर जाडीच्या दोन सळया जोडताना एकमेकींवर किती लांबी ठेवायची. कंत्राटदाराची चार माणसं बघतायत, बाई मी एकटी. कॉलेजात हे गणित डझनभर वेळा सोडवलेलं, पण डोक्याची पाटी कोरी. "ऑफिसला विचारून सांगते," म्हटलं. फिटर हसला, निदान मला तरी तसं वाटलं. डोंबिवलीपर्यंत लोकलमध्ये उभ्या उभ्या राजीनाम्याचा मजकूर जुळवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं. तीस वर्षं यात मुरलेला माणूस. त्यांनी उत्तर दिलंच नाही. कपाटातून काँक्रीटच्या बांधकामाच्या भारतीय मानकाचं, आयएस 456 चं पुस्तक काढलं, पानापानात चिठ्ठ्या खोचून फुगलेलं, एका तक्त्यावर बोट ठेवलं आणि कॅल्क्युलेटर ओढला. "एम-20 काँक्रीट, साडेसातशे मिलीमीटर. लिहून दे त्याला." मी धीर करून म्हटलं, सर, तुम्हालाही पाठ नाही? चष्म्यावरून बघत म्हणाले, "पाठ करून काय करू? उद्या जास्त मजबूत एम-25 काँक्रीट वापरलं की साडेसहाशे होतात."

'मला हे आत्ता येत नाही' आणि 'माझी लायकी नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्यावर इलाज असतो, पुस्तक उघडायचं. दुसरं नुसतं छातीवर बसून राहतं.

आपली लायकी नाही आणि एक दिवस ते उघडं पडेल, या भीतीला तू 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतेस, त्याचं मूळ 1978 च्या एका लेखात आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो लिहिला, कर्तबगार बायकांबद्दल. पुढे पुरुषांतही तेच दिसलं. त्यांनी 'सिंड्रोम' म्हटलंच नव्हतं, 'फिनॉमेनन' म्हटलं होतं. हा आजार नाही, त्यामुळे तो शिक्का स्वतःवर मारून घेऊ नकोस. क्लान्सबाईंनी यातलं चक्र दाखवलं ते मात्र लक्षात ठेव. काम आलं की धास्ती. मग एकतर गरजेच्या तिप्पट तयारी, नाहीतर टाळाटाळ करून शेवटच्या रात्री धावपळ. काम झालं की तिप्पट तयारीवाली म्हणते, मेहनतीने झालं, हुशारी कुठली. धावपळवाली म्हणते, नशिबाने वाचले. श्रेय कधी जमाच होत नाही. रात्री एकपर्यंत कोड तपासत बसतेस असं लिहिलंयस, म्हणजे तू पहिल्या गटातली.

यावर "आत्मविश्वास बाळगा" वगैरे सल्ल्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो वहीचा. डाव्या पानावर माझ्या कामात इतरांनी काढलेल्या चुका, उजव्या पानावर मी इतरांच्या कामात काढलेल्या, दोन्हीकडे तारखा. वर्षभराने डावं पान रिकामं नव्हतं, पण उजवं त्याहून भरलेलं होतं. तू लीडच्या कामापुरती यादी कर: नेमकं काय येत नाही? एस्टिमेट, म्हणजे कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज? अप्रेझल लिहिणं? क्लायंटला नाही म्हणणं? चार-पाच ओळींच्या वर जाणार नाही बघ, आणि त्यातलं बरंचसं तीन महिन्यांत शिकण्यासारखं निघेल.

आता तुझ्या मराठी माध्यमातल्या शिक्षणाचं. तू ते एका ओळीत उरकलंस, पण मला वाटतं निम्मी भीती तिथेच आहे. मिटिंगमध्ये फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याला विषय कळतोच असं नाही, हे समजायला मला सात-आठ वर्षं लागली. कॉलच्या आधी तीन वाक्यं कागदावर लिहून ठेवायचे. अजूनही ठेवते.

आणि हेही तपास, की शंका तुझ्या मनातून येतेय की ऑफिसातून. एका जुन्या ठिकाणी मी केलेलं डिझाइन क्लायंटसमोर दुसऱ्याच्या नावाने मांडलं जायचं आणि मला चहा सांगायला पाठवायचे. तिथे मी स्वतःला सुधारत बसले, दोन वर्षं वाया घालवली. तुझे मॅनेजर तसे दिसत नाहीत, त्यांनी स्वतःहून नाव सुचवलंय. झोप उडाली असेल तर मात्र अंगावर काढू नकोस, सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, मराठीत बोलता येतं.

आमच्या धंद्यात ज्याने डिझाइन केलं तो त्यावर एकटा शेवटचा हात फिरवत नाही, दुसरा तपासतो. उंच इमारत असेल तर बाहेरचा कन्सल्टंटही तपासतो. त्याला कुणी अपमान समजत नाही.

म्हणून मॅनेजरना मेल काय लिहू, याचं उत्तर. दोन ओळी पुरेत: "लीडची जबाबदारी घ्यायला तयार आहे. पहिले तीन महिने क्लायंटला एस्टिमेट जाण्याआधी तुमच्याकडून एकदा तपासून घेईन." खाली सॉरी लिहू नकोस.