कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बार्शीचा, वय एकोणीस. मार्केट यार्डात एका अडत दुकानात दोन वर्षं पट्ट्या लिहून साठ हजार साठवलेत. त्यातून गेमिंगचा पीसी घ्यायचाय. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह नीट चालावं एवढीच इच्छा. एका दुकानातून कोटेशन आणलं, ते असं : ‘इंटेल आय७ प्रोसेसर, गेमिंग मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ एसएसडी, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी काचेचं कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर, की-बोर्ड-माउस फ्री. एकूण ४८,५००.’ आय७ एवढ्यात मिळतोय म्हटल्यावर घेऊन टाकावं वाटतं. पण मित्र म्हणतो, पार्ट आणून स्वतः जुळव. मी आजवर घरातला मिक्सरसुद्धा उघडलेला नाही. जमेल का? आणि काय काय घेऊ?

उत्तर : तुझं कोटेशन मी दोनदा वाचलं. नऊ वस्तू आहेत आणि एकीचंही पूर्ण नाव नाही. तू अडतीत बसतोस, तूच सांग. कुणी ‘तूर, शंभर कट्टे’ एवढंच लिहून पाठवलं तर तुझा मालक पैसे सोडेल? कुठली तूर, ओल किती, काडीकचरा किती, हे विचारल्याशिवाय? मग स्वतःचे साठ हजार देताना तेवढं तरी विचार.

आय७ हे नाव २००८ पासून चालू आहे. त्यापुढचा आकडा लिहिलेला नसेल तर माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा २६०० नाहीतर ३७७० निघतो. ३७७० आला २०१२ मध्ये. एखाद्या ऑफिसने मोडीत काढलेल्या मशीनमधून तो निघतो आणि नव्या काचेच्या कॅबिनेटमध्ये दिवे लावून बसतो. चिप वाईट नव्हती, तिच्या काळात मी स्वतः हौसेने विकली. पण आज चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला काम करणारा हात) साधा आय३-१२१००एफ तिला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं. दुकानदार खटपट करून ११ टाकून देईल, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं, म्हणजे बोर्डातली सुरक्षेची दोन कुलपं, जी एवढ्या जुन्या बोर्डात पुरी मिळत नाहीत. म्हणजे ज्या खेळासाठी एवढा खटाटोप, तोच दारातून परत पाठवणार.

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’चंही तेच. अशा कोटेशनात ते हटकून जीटी ७३० असतं, २०१४ चं. त्यातल्या बऱ्याच कार्डांचा मेमरीचा रस्ता ६४ बिटचा. गोदाम मोठं आणि दार एका हमालापुरतं, असा तो प्रकार. जीबी विचारू नकोस, नाव विचार.

आता तुझी खरेदी. माझी पद्धत उलटी आहे. आधी पडदा ठरवायचा, पडद्यावरून कार्ड, कार्डावरून बाकीचं. तू १०८० पिक्सेलच्या पडद्यावरच खेळणार आहेस, तेव्हा त्याला पुरेल एवढंच कार्ड घ्यायचं आणि साठातला सगळ्यात मोठा वाटा त्यालाच द्यायचा. मी आरएक्स ६६०० घेईन. ८ जीबीचं कार्ड आहे आणि कमाल १३२ वॅट खातं. तेवढ्याच पैशात त्यानंतरच्या पिढीतलं काही मिळालं तर ते घे, हट्ट नाही. प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, आणि पंखा डब्यातच येतो, म्हणजे कूलरचे वेगळे पैसे नाहीत. बोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, बी५५० चा घे. बी४५० स्वस्त पडत असेल तरी चालेल, पण तो बोर्ड २०१८ चा आणि हा प्रोसेसर २०२२ चा. बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून द्या, असं दुकानातच सांग, नाहीतर घरी आणून काळ्या पडद्याकडे बघत बसशील. पुढेमागे पैसे आले तर त्याच खाचेत आठ कोअरचा ५७००एक्स बसतो, बोर्ड बदलावा लागत नाही. कुणी म्हणेल आता एएम५, म्हणजे रायझनची यापुढची खाच, घ्यावी. तिचा रस्ता पुढे लांब आहे हे खरंच, पण तिला डीडीआर५ मेमरी लागते आणि तुझे साठ हजार तिथेच संपतील.

मेमरीचं दुखणं वेगळं सांगायला हवं. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला आणि रॅमचे भाव असे चढले की आजचा भाव मी लिहिला तर अंक छापून येईपर्यंत शिळा होईल. १६ जीबीच घे, पण ८-८ च्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२०० च्या. एकच सोळाची पट्टी घेतलीस तर मेमरीचे दोन रस्ते असून एकच वापरल्यासारखं होतं आणि खेळात ते जाणवतं. पैसे कमी पडले तर जुन्या पट्ट्या घे. एरवी मी सेकंड हँडच्या नावाने नाक मुरडते, पण रॅम एक तर चालते किंवा चालत नाही, आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवलं की सकाळी निकाल हातात येतो. कार्डाचं तसं नसतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर नाणी कमवायचा उद्योग, बंद झालं आणि दिवसरात्र तापलेली कार्डं बाजारात आली. त्यात आरएक्स ५८० पुष्कळ होती, काही तर ‘२०४८एसपी’ नावाची, म्हणजे आत कमी कोअर आणि बाहेर ५८० चंच नाव. पहिल्याच मशीनसाठी तू त्या वाटेला जाऊ नकोस.

भाव मी हजारांत आणि गोल सांगते. कार्डाला एकवीस, प्रोसेसरला अकरा, बोर्डाला सात, एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणारा डबा) साडेचार, जाळीच्या तोंडाचं साधं कॅबिनेट तीन, यूपीएस तीन. उरले साडेदहा. त्यात रॅम आणि ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क, बसवायची. मॉनिटर यात बसत नाही, बसवूही नकोस. चार-सहा महिने घरच्या टीव्हीला एचडीएमआय लाव, आईच्या मालिकांची वेळ सांभाळून. दिवाळीत मॉनिटर घेशील, तो पुढच्या मशीनलाही कामी येईल. मॉनिटरसाठी कार्ड हलकं घेतलंस तर मात्र ते लवकरच बदलावं लागेल.

आता एसएमपीएस. माझ्या सासऱ्यांचं मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९९९ मध्ये मी त्याच टेबलावर पहिला संगणक जुळवला. महिन्यातून एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड गाठायचं आणि लॅमिंग्टन रोडची दुकानं उघडेपर्यंत फुटपाथवर चहा पीत उभं राहायचं. पहिल्या खेपेला निघताना सासरे एवढंच म्हणाले, “आधी पॉवर सेक्शन बघ, मग आवाज.” पुढे एकदा गिऱ्हाईकाने भाव पाडला म्हणून मी कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस ठेवून दिला. अकरा महिन्यांनी तो फुटला, बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या हार्ड डिस्कवर त्या माणसाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते. बोर्ड मी माझ्या पैशाने भरून दिला. फोटो कुठून देणार?

तेव्हा डब्यावरच्या ‘५०० वॅट’वर विश्वास ठेवू नकोस. अंगावरच्या लेबलवर +१२व्ही चा रकाना शोध, त्यातल्या अँपिअरला बाराने गुण. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्या बारा व्होल्टवरच जगतात. तिथे १६ लिहिलं असेल तर हाती १९२ वॅट येतात, वर कितीही मोठा आकडा छापलेला असो. तुझं कार्ड १३२, प्रोसेसर भर जोरात ७६, वर पंखे, बोर्ड, एसएसडी. अडीचशेच्या आतबाहेर. खरा ५०० किंवा ५५० वॅटचा, त्या रकान्यात चाळिशीच्या आसपास अँपिअर असलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घे. ‘८० प्लस ब्राँझ’चा शिक्का असला तर बरं, पण तो शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, माल टिकेल की नाही ते सांगत नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. साधारण ३६० वॅट देतो, म्हणजे लाइट गेल्यावर सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ. खेळ पुरा करायला तो नाही.

फारसे पैसे न लागणारी एक गोष्ट राहिली. पार्ट आणायच्या आधी वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घे. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकात वायरच नसते. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर मुख्य दाबाच्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा, हाताला झिणझिण्या येण्यापुरता, म्हणून लोक ‘पीसी जरा चावतो’ म्हणून सोडून देतात. तू तर टीव्हीला लावणार आहेस. टीव्हीला केबल किंवा डिशची वायर असते, तिचा जमिनीशी संबंध आलेला असू शकतो. एचडीएमआय खुपसताना ठिणगी पडून पोर्ट गेलेली कार्डं माझ्या टेबलावर आलेली आहेत. एकवीस हजारांचं कार्ड एका वायरीपायी घालवू नकोस. आणि केबल जोडताना दोन्हीकडची वीज बंद ठेव.

मिक्सर उघडला नाहीस हे चांगलंच झालं, तिथे चुकायला जास्त वाव आहे. इथे जवळजवळ प्रत्येक केबल एकाच जागी आणि एकाच बाजूने बसते. चार-पाच ठिकाणी मात्र नवखा अडकतोच. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळव आणि तो नुसता सोडून दे. आपोआप बसला पाहिजे, अंगठ्याने दाबायचं नाही. याच्या पिना प्रोसेसरलाच असतात. २०१७ मध्ये पहिल्या रायझनच्या वेळी मी कूलर सरळ वर ओढला, तर पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून आला आणि सहा पिना वाकल्या. शिसाची काडी आत घालायच्या पेन्सिलीच्या धातूच्या टोकाने एकेक सरळ करत दोन तास गेले. कूलर काढायची वेळ आलीच तर आधी गरम होऊ द्यावा, मग बंद करून डावी-उजवीकडे पिळत सोडवावा. बोर्डाला चार खाचा असतील तर रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची केबल विसरू नकोस, कॅबिनेटच्या मागून ओढून घ्यावी लागते आणि म्हणूनच राहते.

सगळं लावून पडद्यावर काहीच आलं नाही, तर रडायच्या आधी एचडीएमआय कुठे खोचलंय ते बघ. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. बोर्डाच्या भोकात लावलंस तर अंधारच राहणार, केबल कार्डाला लागते. मला रात्री येणाऱ्या फोनांत सगळ्यात जास्त हेच असतं. चालू झालं की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, लाव, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वर चालत राहते.

आणि त्याच दुकानदाराकडे परत जा. वाईट बोलू नकोस. वरची यादी पूर्ण नावानिशी लिहून दे आणि म्हण, “याचं जीएसटीचं बिल, प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर टाकून, काय पडेल?” गावातल्या माणसाकडून हजारभर जास्त देऊन घेतलं तरी वॉरंटीला सोलापूर-पुण्याची खेप वाचते. त्याने पूर्ण नावं लिहायला कां-कू केली, तर मग पुण्या-मुंबईचं तिकीट काढ.

प्रश्न : ग्राफिक्स कार्डाचे पैसे आत्ता नाहीत. रायझन ५ ५६००जी घेऊन वर्षभराने कार्ड लावलं तर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वर्ष खरंच वर्षच असेल तर घ्या. ५६००जी मधल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट चालतं, जीटीए फाइव्ह सेटिंग उतरवून चालतं. ते ग्राफिक्स तुमच्या रॅममधूनच जेवतं, म्हणून दोन पट्ट्या हव्यातच. पण पुढे कार्ड लावलं की हा प्रोसेसर साध्या ५६०० पेक्षा थोडा मागे पडतो. त्याची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली मेमरी, निम्मी, १६ एमबी, आणि कार्डासाठी रस्ता जुना, तिसऱ्या पिढीचा. कार्ड तीन-चार महिन्यांत येणार असेल तर ५६०० घेऊन तेवढे दिवस कळ काढा.

प्रश्न : मुलाचा मामा मस्कतहून आरटीएक्स ३०५० आणतोय, स्वस्त पडतंय म्हणे. आणू देऊ का? – एक आई, वेंगुर्ले

उत्तर : मामांना आधी विचारा, ६ जीबी की ८ जीबी. नाव एकच, माल दोन. ८ जीबीचं २०२२ चं, २५६० कोअरचं आणि १२८ बिटचं. ६ जीबीचं २०२४ चं, २३०४ कोअरचं आणि ९६ बिटचं. फरक फक्त दोन जीबींचा नाही. ६ जीबीवालं ७० वॅटवर, बहुतेक वेळा वेगळ्या केबलशिवाय चालतं, एवढं मात्र त्याच्या बाजूने. जुन्या ऑफिसच्या मशीनमध्ये लावायचं असेल तर तेच बरं.

वॉरंटी भारतात चालते का, ते त्या कंपनीच्या भारतातल्या सर्व्हिस सेंटरला सिरियल नंबर सांगून मामांनी पैसे द्यायच्या आधीच विचारून घ्या. चालत नसेल तर इथला आणि तिथला भाव समोरासमोर ठेवून बघा, दोन-तीन हजारांसाठी मी तरी आणणार नाही. आणलंच, तर मामा परत जायच्या आत मशीनमध्ये लावून दोन दिवस खेळू द्या मुलाला. आणि समुद्राकडच्या खिडकीखाली कॅबिनेट ठेवू नका, खाऱ्या हवेने स्क्रूसुद्धा गंजतात. आतल्या भिंतीला लावा.