पाण्याखालच्या कॅमेऱ्यात पाणी का शिरलं?

प्रश्न: सर, मी सोलापूरला इंजिनिअरिंगला आहे. मालवणच्या प्रवाळांचे फोटो काढायला पीव्हीसी पाइपात कॅमेरा बसवलाय, उजनीत 5 मीटर सोडून बघितला तर आत पाणी आलं आणि फोटोही नुसते धुरकट. काय चुकलं असेल?
– एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर: अरे, आधी झाकणाची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, काढून उजेडात धर, एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी शिरतं कारण दर 10 मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढत जातो. रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लाव, थापू नकोस. आणि कॅमेरा ठेवायच्या आधी आत नुसता टिश्यू पेपर घालून बुडव, तो कुठे ओला झालाय त्यावरून गळती कुठंय ते लगेच कळतं. बाकी धुरकटपणा म्हणशील तर लाइट लेन्सला चिकटून लावला असशील, गढूळ पाण्यातले कण चमकतात, लाइट दोन्ही बाजूंना लांब घे. समुद्रात लाल रंग आधी शोषला जातो, म्हणून पांढरा लाइट प्रवाळाच्या जवळून लागतोच.

अजून एक, सपाट काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे 33 टक्के मोठी दिसते, त्यामुळे प्रवाळाचं माप घ्यायचं असेल तर कॅलिब्रेशन (फोटोतलं माप खऱ्या मापाशी जुळवणं) पाण्यातच कर, घरच्या टेबलावर केलेलं चालणार नाही.