आपलाच किल्ला परत का घ्यावा लागला?

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, नऊ पूर्ण झाली. शाळेतलं महाराजांचं पुस्तक आवडीने वाचतो म्हणून वाढदिवसाला इतिहासाचं जाडजूड पुस्तक आणलं, तर ते दोन पानांपुढे सरकलंच नाही. मग पातळ रंगीत चार आणली, ती अर्ध्या तासात संपवली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर काही आठवत नाही. नेमकं काय बघून पुस्तक घ्यायचं? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, जाडजूड पुस्तक माळ्यावर टाकू नका, कपाटात वरच्या खणात ठेवा, सातवी-आठवीत गेला की तोच काढेल. आमच्या वाचनालयात असं एकदाही न उघडलेलं पुस्तक घेऊन येणारे पालक दर महिन्याला असतात.

आता दुकानात गेलात की माझी एक सवय सांगते. मुखपृष्ठ, किंमत सगळं बाजूला ठेवायचं आणि सरळ पुरंदरच्या तहाचं पान काढायचं. मुलांच्या पुस्तकांत अफजलखानाला सहा-सहा पानं असतात, शाहिस्तेखानाची बोटं तर चित्रासकट असतात, आणि पुरंदर मात्र एका ओळीत उरकलेला, कारण तिथे महाराजांना माघार घ्यावी लागली ना! ११ जून १६६५ चा तह. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान मोठी फौज घेऊन आलेले, पुरंदरला वेढा, मुरारबाजी पडले, आजूबाजूची गावं लुटली जातायत, आणि अशा वेळी महाराजांनी २३ किल्ले देऊन १२ आपल्याकडे ठेवले. असं का केलं हे नऊ वर्षांच्या मुलाला पटेल असं पानभर तरी लिहिलं असेल तर ते पुस्तक बिनधास्त घ्या.

कारण पुढचं सगळं त्यावरच अडकलेलं आहे. आग्र्याला जावं लागलं ते या तहानंतरच, मार्च १६६६ मध्ये राजगडावरून निघाले ते मे महिन्यात आग्र्याला पोचले, आणि बरोबर संभाजीराजे होते ते जेमतेम नऊ वर्षांचे, म्हणजे तुमच्या मुलाएवढेच की! हे त्याला सांगून बघा एकदा. मागे चौथीतल्याच एका मुलाने मला विचारलं, "कोंढाणा आपलाच होता तर तानाजींना रात्री कडा चढून का जायला लागलं?" मी कपाटातून सात पुस्तकं काढली, उत्तर फक्त एकात होतं : कोंढाणा त्या २३ मधला, तो ४ फेब्रुवारी १६७० ला परत घेतला. मुलगा म्हणाला, "मग हे आधी का नाही लिहिलं?" तुमच्या मुलाला पातळ पुस्तकातलं आठवत नाही त्याचंही कारण मला हेच वाटतं, त्यात एकामागून एक लढाया आहेत पण एकीचा दुसरीशी संबंधच लागत नाही, मग डोक्यात राहणार कशाला.

दुसरं, घोरपड बघा. यशवंती घोरपडीला दोर बांधून मावळे वर गेले ही गोष्ट मुलांना भारी आवडते आणि ती काढून टाका असं मी अजिबात म्हणणार नाही, पण चांगला लेखक तिथे "असं सांगतात" हे दोन शब्द तरी घालतो. तसंच महाराजांचं जन्मवर्ष बघा. १६२७ दिसलं तर पुस्तक जुन्या माहितीवर आहे असं समजा, आता १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरतात. जुनं पुस्तक म्हणजे वाईट असं नाही हं, भाषा कधीकधी त्यातच छान असते, फक्त मुलाला आधी सांगून ठेवा नाहीतर परीक्षेत घोळ होतो.

भाषेचं म्हणाल तर मुलाला एक पान मोठ्याने वाचायला लावा, तिथेच दुकानात. खलिता, मसलत, पागा, कूच, एका पानावर असे चार-पाच शब्द अडले तर गोष्टीतली मजा जाते. सेमीवाल्या मुलांचं तर जास्तच, आमच्याकडे एकीने "तह म्हणजे तहान लागते ती का?" विचारलेलं! शब्दार्थ त्याच पानाखाली असले तर उत्तम, पुस्तकाच्या शेवटी असले तर कोणी उघडत नाही, मीही नाही. आणि नकाशा असेलच तर फारच छान, राजगड ते आग्रा बोट फिरवत जाऊ दे त्याला.

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे, म्हणते इतिहासात सगळे पुरुषच आणि सगळ्या लढायाच. तिला काय देऊ? – एक बाबा, बेळगाव

उत्तर : बरोबरच बोलतेय ती! पुण्यात भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, सावित्रीबाई-जोतीरावांची, तिथून सुरुवात करा. आणि त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा, तो तिच्याबरोबर बसून थोडा थोडा वाचा. भाषा जुनी आहे, अडेल, पण शाळकरी मुलीने स्वतः लिहिलंय म्हटल्यावर मुली कान टवकारतात. आनंदीबाई जोशींचं चरित्रही चालेल, १८८६ ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. पण नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, हे त्यात येणारच, तेव्हा आधी तुम्ही वाचून घ्या, नंतर तिला द्या. प्रश्न येतील, त्या वेळी मोबाईल खाली ठेवा म्हणजे झालं.

प्रश्न : चित्रकथा चालतात का? – एक आजी, ठाणे

उत्तर : चालतात हो आजी, न वाचणारं मूल तिथूनच वाचायला लागतं. फक्त शत्रूकडचा प्रत्येक माणूस राक्षसासारखा काढलेला असेल तर ते परत ठेवा आणि शेजारचं बघा.