मनोरुग्णांची काळजी घेणाऱ्या मदतनिसांना काय शिकवावे?

प्रश्न : दीर्घकाळ मानसिक आजार असलेल्या स्त्रियांसाठी आम्ही नागपुरात एक लहानसे निवासी केंद्र चालवतो. मदतनीस बायका कष्टाळू आहेत. पण कोणी गोळी नाकारली किंवा कोणाला आवाज ऐकू येऊ लागले, की त्या ओरडतात, कधी खोलीला बाहेरून कडी लावतात. व्याख्याने ठेवूनही फरक पडला नाही. त्यांना काय आणि कसे शिकवावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कडीचा विषय आधी घेतो, कारण त्यात सवलतीला जागा नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 (अंमल मे 2018 पासून) याच्या कलम 97 नुसार रुग्णाला एकांतात कोंडून ठेवण्यास मनाई आहे. शारीरिक बंधनही केवळ तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, तेही प्रभारी मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीने घालता येते. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून कधीच नाही. हे प्रत्येक मदतनिसाला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगावे.

व्याख्यानाने फरक पडला नाही याचे आश्चर्य वाटत नाही, कारण आजाराची व्याख्या पाठ झाली तरी समोरची बाई घाबरून कोपऱ्यात बसली असताना नेमके काय बोलावे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रसंग उभा करून सराव घ्यावा लागतो. एकीने रुग्ण व्हावे, दुसरीने मदतनीस. ‘तो मला शिव्या देतो आहे’ असे रुग्ण म्हणाली, तर ‘तिथे कोणी नाही, उगाच काहीतरी बोलू नका’ हे उत्तर तिला एकटे पाडते आणि ‘हो, मलाही ऐकू येते’ हे भास पक्का करते. ‘मला तो आवाज येत नाही, पण तुम्ही घाबरला आहात हे दिसते आहे, मी इथेच बसते’ हे वाक्य शांत स्वरात, थोडे अंतर ठेवून म्हणता येईपर्यंत सराव व्हावा.

गोळी नाकारण्यामागे बहुधा कारण असते : दिवसभराची गुंगी, कोरडे तोंड, वाढलेले वजन, हातांचा कंप. ते विचारून वहीत लिहावे आणि डॉक्टरांना कळवावे. वरणात गोळी कुस्करून देणे सोपे वाटते. पण एकदा ते उघड झाले, की जेवणावरचाही विश्वास जातो.

नागपूरसाठी एक धडा वेगळा हवाच. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा लिथियम (मनःस्थितीतील टोकाचे चढ-उतार आवरणारे औषध) घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले तर औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते. उलट्या, जुलाब, वाढलेला कंप, झोकांड्या जाणे, अडखळते बोलणे यांपैकी काही दिसले, तर पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकेही परस्पर देऊ नयेत, कारण त्यांनीही लिथियमची पातळी वाढते. मनोविकारांवरच्या इतर काही औषधांनी उष्णता सोसण्याची शरीराची क्षमता घटते. म्हणून दुपारच्या पाळीत कोण किती पाणी प्यायले याची नोंद असावी.

आता ‘कसे’ याविषयी. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील 30 गावांमध्ये ‘विश्राम’ हा उपक्रम राबवला गेला. त्यात गावपातळीवरचे कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. आपले काम निवासी आणि वेगळ्या प्रकारचे आहे, तरी ही साखळी घेण्यासारखी आहे : कमी शिकलेली व्यक्ती हे काम चांगले करते, पण अडले की विचारायला तिच्या मागे कोणीतरी असावे लागते. म्हणून दर आठवड्याला तासभर एकत्र बसून वहीतला एखादा कठीण प्रसंग उलगडावा. तिथे मदतनिसाला स्वतःची भीती आणि थकवाही बोलता यावा. प्रशिक्षणाच्या खर्चात काटकसर करायचीच असेल तर व्याख्यानांत करा, या तासात नको.

रात्रपाळीची मदतनीस एकटी असते. ‘जगून काय उपयोग’ असे कोणी म्हणाले, तर विषय न टाळता जीव देण्याचे विचार येतात का, हे तिने सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. रुग्णाला एकटे सोडू नये, केंद्राच्या डॉक्टरांना उठवावे. त्यांचा क्रमांक आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा अहोरात्र चालणारा मोफत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.