हप्ता टांगलाय त्या 60 क्रेडिटांवर

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 54, अंबडच्या कारखान्यात नोकरी, पगार वर्षाला 12 लाख 40 हजार, निवृत्ती 58व्या वर्षी. पीएफमध्ये 31 लाख, मुदत ठेवी 14 लाख, राहता फ्लॅट कर्जमुक्त, महिन्याला 25 हजारांची एसआयपी. मुलगी ई अँड टीसीची (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची) इंजिनियर, पुण्यात नोकरी करते, स्वतःचे 4 लाख साठवलेत. तिला एडिनबर्गच्या हेरियट-वॉट विद्यापीठात 'ह्युमन रोबॉट इंटरॅक्शन'च्या, म्हणजे माणूस आणि रोबॉट यांच्यातल्या व्यवहाराच्या, एमएस्सीला प्रवेश मिळालाय. सप्टेंबर 2026 पासून एक वर्षाचा कोर्स. फी, राहणं, व्हिसा, तिकीट मिळून घरच्यांनी 46 लाखांचा अंदाज काढलाय, पौंड 120 रुपये धरून. त्यांचा प्रश्न असा: 'पीएफ काढू, फ्लॅट गहाण टाकू, की तिला नाही म्हणू?'

तिन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. पण आकड्यांकडे वळण्याआधी कोर्सबद्दल बोलू. तुमच्या तीन पानी पत्रात फीचा हिशेब चोख आहे, पण पदवी मिळायला काय काय पूर्ण करावं लागतं, त्याची एक ओळही नाही.

ब्रिटनमधली एमएस्सी 180 क्रेडिटांची असते. त्यातले 120 वर्गातल्या विषयांचे आणि 60 शेवटच्या प्रबंधाचे. या शाखेत प्रोग्रॅमिंग आणि रोबॉटिक्सच्या जोडीला संख्याशास्त्र, प्रयोगाची आखणी, थोडं मानसशास्त्र येतं. तुमच्या मुलीला पहिल्या दोन गोष्टी जड जाणार नाहीत. खरी मेख प्रबंधात आहे. इथे नुसता रोबॉट चालवून दाखवून भागत नाही. माणसं त्याच्याशी कशी वागतात, हे खऱ्या माणसांवर तपासावं लागतं आणि त्यासाठी आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. माहितीपत्रक, संमतीपत्र, नोंदी कुठे आणि किती दिवस ठेवणार, सगळं लिहून द्यायचं. या क्षेत्रात 'विझार्ड ऑफ ऑझ' नावाची एक पद्धत सर्रास वापरतात: पडद्यामागून माणूस रोबॉट चालवतो आणि समोरच्याला वाटतं की तो आपणहूनच बोलतोय. म्हणजे सहभागी माणसाला तात्पुरतं फसवायचं. असा प्रयोग म्हटला की समिती जास्त प्रश्न विचारणार. त्यात प्रबंधाचे महिने मे ते ऑगस्ट, ज्या काळात निम्मं कॅम्पस घरी गेलेलं असतं आणि प्रयोगाला माणसं मिळवताना नाकी नऊ येतात.

ही माहिती आर्थिक सल्ल्यात कशाला, असं वाटेल. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा लंडनबाहेर राहण्याचा खर्च महिन्याला 1,171 पौंड धरतो, म्हणजे सुमारे 1 लाख 40 हजार रुपये. प्रबंध तीन महिने लांबला तर सव्वाचार लाख गेले. व्हिसा वाढवायचा खर्च, विद्यापीठाने लावलेली जादा फी, हे वेगळंच. प्रबंध पारच फसला तर सहसा 120 क्रेडिटांवर पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा हातात ठेवतात, आणि शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाला पदवी लागते. हा व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो 18 महिन्यांचाच मिळणार आहे. तुमची मुलगी त्यातच येते. म्हणजे तुमच्या कर्जाचा हप्ता ज्या पगारातून फिटायचा, तो पगार या 60 क्रेडिटांवर टांगलेला आहे.

आता पैसे. 46 लाख विनातारण कर्ज 12 टक्क्यांनी, 10 वर्षांसाठी काढलं तर हप्ता 66 हजार. अभ्यासाचं एक वर्ष आणि पुढचं सवलतीचं एक वर्ष काहीच भरलं नाही, तर सरळ व्याज साचून रक्कम 57 लाखांवर जाते आणि हप्ता 82 हजार. तो सुरू होईल 2028 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा तुम्ही 56 वर्षांचे, नोकरीची दोन वर्षं उरलेली. मुलीला नोकरी लागली नाही तर सहकर्जदार म्हणून बँक तुमच्याच दारात येणार. मग तुम्हाला कमाल किती हप्ता ओढता येईल? तुमच्या पगाराकडे बघता 45 हजार, तेही ओढाताण करून.

म्हणून कर्ज 30 लाखांचंच काढा. 12 लाख ठेवींतून, 4 लाख मुलीचे. उरलेल्या 2 लाखांच्या ठेवीला हात लावू नका. 30 लाखांना 12 टक्क्यांनी 43 हजारांचा हप्ता येतो, पण एका अटीवर: अभ्यासाच्या आणि सवलतीच्या, दोन्ही वर्षांत व्याज दरमहा भरायचं. सगळी रक्कम उचलल्यावर ते महिन्याला 30 हजार होतं. एसआयपी दोन वर्षं थांबवा आणि वर पाच हजार घाला. हे केलं नाही तर तोच हप्ता 53 हजारांवर जातो.

पीएफवर सव्वाआठ टक्के करमुक्त मिळतात आणि कर्जाला बारा लागतात, मग पीएफच का वापरू नये, असा हिशेब तुमच्या मेहुण्यांनी मांडलाय. गणित बरोबर आहे, पण 58 नंतर तुमच्याकडे त्या 31 लाखांखेरीज फारसं काही नाही. शिवाय कर्ज मुलीच्या नावावर असलं की ते कोणी फेडायचं, याबद्दल घरात संदिग्धता राहत नाही. बापाने पीएफ मोडून दिलेले पैसे कोणी परत मागत नाही आणि सहसा कोणी परत करतही नाही.

फ्लॅट तारण ठेवला तर सरकारी बँक समजा 10 टक्क्यांनी देईल; हप्ता 39,600. म्हणजे राहतं घर मोकळं ठेवण्याची किंमत महिन्याला सुमारे 3,400 रुपये. मला ती स्वस्त वाटते.

तुमच्या एजंटने आयकराच्या 80ई कलमाखाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळेल असं सांगितलंय. ती सवलत जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत 75 हजारांची प्रमाणित वजावट धरली तर तुमचं करपात्र उत्पन्न 11 लाख 65 हजार, आणि 12 लाखांपर्यंत कर शून्य. जिथे करच नाही तिथे सवलत कशावर घेणार? मुलगी तिकडे कमवायला लागली तर तिलाही इथे ती उपयोगाची नाही. हा मुद्दा हिशेबातून काढूनच टाका. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच वसूल करते त्या कराची, मात्र काळजी नको: बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर तो लागत नाही, आणि स्वतःच्या पैशांतून माणशी वर्षाला 10 लाखांपर्यंत लागत नाही. तुमचे 12 लाख तुम्ही आणि तुमच्या मिसेस आपापल्या खात्यांतून पाठवा.

तिकडे नोकरी लागली तर? नव्या पदवीधरांना वर्क व्हिसासाठी सवलतीची किमान पगाराची अट 33,400 पौंड आहे, एरवी 41,700. शिवाय त्या-त्या कामाचा ठरलेला दर असतोच. स्कॉटलंडमध्ये 35 हजार पौंड पगारावर कर कापून महिन्याला 2,400 च्या आसपास हातात येतात. काटकसरीने 600 पौंड मागे पडले तर 72 हजार रुपये, हप्ता निघतो. इथे परत आली तर 'ह्युमन रोबॉट इंटरॅक्शन' नावाची जाहिरात तिला क्वचितच दिसेल. पण चाकणच्या वाहन कारखान्यांत कुंपणाशिवाय माणसाशेजारी काम करणारे कोबॉट आलेत आणि त्यांच्या सुरक्षिततेचं मूल्यमापन हे खरं काम आहे. 2016 चं आयएसओ/टीएस 15066 हे आंतरराष्ट्रीय तांत्रिक मानक त्याबद्दलच आहे. प्रबंधाचा विषय त्या बाजूचा घेतला तर पुण्यात तो विकला जाईल. वृद्धांशी गप्पा मारणारा गोंडस रोबॉट निवडला तर इथे अवघड आहे, विषय कितीही छान असला तरी.

दुसरी वाटही सांगतो, कारण पत्रात तिचा उल्लेखच नाही. बेंगळुरूच्या आयआयएस्सीत रोबॉटिक्सचं एम.टेक. आहे, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइनचं एम.डेस. पहिल्याला गेट ही प्रवेश परीक्षा, दुसऱ्याला सीड. गेटवाल्यांना महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतनही मिळतं. प्रवेश मिळवणं कठीण, पण डोक्यावर 30 लाख नाहीत. कर्ज 30 च्या वर जात असेल किंवा व्याज 13 टक्क्यांच्या पुढे सांगत असतील, तर मी एडिनबर्ग सोडून तिला गेटच्या अभ्यासाला बसायला सांगेन.

जायचं ठरलंच तर विद्यापीठाचं डिपॉझिट भरण्याआधी मुलीने विभागाला ईमेल करावी. नैतिकता परवानगीचा अर्ज कधीपासून करता येतो, प्रबंधाला मुदतवाढ घेतली तर फी किती, पुन्हा सादर करायची संधी एकदाच का, आणि उद्योगातला विषय घेता येतो का, हे विचारावं. उत्तरं लेखी घ्या. व्हिसासाठी दाखवायचे नऊ महिन्यांचे 10,539 पौंड ठेवींतून दाखवणार असाल तर ते खात्यात सलग 28 दिवस हवेत. त्यामुळे कुणाकडून चार दिवसांसाठी उसने घेऊन चालणार नाही, आणि ठेवी मोडण्याची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.