मुरुमांवर मधमाशीच्या विषाचं किंवा बेडकाच्या पेप्टाइडचं क्रीम चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या मुरुमांवर क्लिंडामायसिन (जिवाणू मारणारं प्रतिजैविक) जेल तीन महिने लावूनही फरक नाही, आणि आता ऑनलाइन मधमाशीच्या विषाचं क्रीम दिसलंय, ते मागवू का? नका मागवू.

कल्पना मात्र अगदीच भाकड नाही. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत मायकेल झासलॉफ हे शास्त्रज्ञ आफ्रिकी बेडकांवर शस्त्रक्रिया करून, टाके घालून त्यांना गढूळ पाण्याच्या टाकीत परत सोडत असत. जखमा चिघळतच नव्हत्या! कारण शोधताना बेडकाच्या कातडीत मॅगेनिन हे पेप्टाइड सापडलं, म्हणजे प्रथिनासारखीच, पण अवघ्या २३ अमिनो आम्लांची छोटी साखळी. जिवाणूच्या पटलावर (बाहेरच्या पातळ आवरणावर) ऋण प्रभार, पेप्टाइडवर धन. ते चिकटतं आणि पटलाला भोकं पाडतं. आपल्या पेशींचं पटल वेगळं असल्याने त्या सहसा वाचतात.

'सहसा' म्हणायचं कारण मी स्वतः पाहिलंय. एम.एस्सी.ला असताना रक्तपेशींच्या नळीत मेलिटिन, म्हणजे मधमाशीच्या विषातलं मुख्य पेप्टाइड, थेंबभर टाकलं होतं. पेशी तळाशी बसून वर नितळ पाणी यायला हवं होतं, पण अख्खी नळी लालभडक झाली. पेशी फुटल्या होत्या. जिवाणूही मरतात हो, पण मेलिटिनला आपलं-परकं कळत नाही. शिवाय मधमाशीची अ‍ॅलर्जी असेल तर वेगळाच घोळ.

मॅगेनिनपासून बनवलेलं पेक्सिगॅनन हे औषध मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी होतं. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी नाकारली गेली. गाईच्या पांढऱ्या पेशींतल्या पेप्टाइडवरून घडवलेलं ओमिगॅनन तर मुरुमांवरही तपासलं गेलं, पण केमिस्टकडे काही पोचलं नाही. एकतर त्वचेवरची विकरं (एन्झाइम) पेप्टाइड तोडून टाकतात. आणि मुरुम काही नुसत्या जिवाणूंमुळे येत नाही. तेल, बुजलेलं छिद्र, दाह हे सगळं असतं; मुरुमांत सापडणारा जिवाणू तर नितळ चेहऱ्यावरही सुखाने राहतो.

तुमची खरी चूक बहुधा एकट्या क्लिंडामायसिनची आहे, त्याने जिवाणू निर्ढावतात. जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड (जिवाणू मारणारं, पण प्रतिजैविक नसलेलं औषध) आणि रात्री अ‍ॅडापलिन (छिद्रं बुजू न देणारं औषध) चालेल का, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. दोन-तीन महिने धीर धरावा लागेल. आणि उशीचे अभ्रे, टॉवेल पांढरे काढा; बेंझॉइल पेरॉक्साइडने रंग उडतो. माझा निळा टॉवेल ठिपक्याठिपक्यांचा झालाय.